नव्या फोनातलं सिम जुन्या फोनात घालायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात डिचोलीला मोबाइल रिपेरिंगच्या काउंटरवर बसून मला १२ वर्षं झाली. पाऊस सुरू झाला की रोज एक तरी माणूस येतो, नवा फोन भिजलाय, सर्व्हिस सेंटरवाले ८ दिवस म्हणतात, तोवर कपाटातला जुना काढलाय, सिम टाकून द्या. चवथीच्या आधी उलटं, मुलाने नवा फोन आणून दिलेला असतो पण आजोबांना त्यांचा बटणांचाच हवा असतो. सिम हलवायला दोन मिनिटं लागतात, पण न बघता हलवलं की नंतर दोन दिवस धावपळ होते आणि ती मला बघवत नाही, म्हणून लोक जे जे पुन्हा पुन्हा विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहिलंय.

१. नव्या फोनातलं सिम काढून जुन्यात घातलं तर चालतं का? कंपनीला कळवावं लागतं का?

चालतं, आणि कुणालाच कळवावं लागत नाही. तुमचा नंबर, बॅलन्स, प्लॅन, व्हॅलिडिटी हे सगळं सिमबरोबर जातं, फोनबरोबर नाही. पैसे कापले जात नाहीत, आधार दाखवावं लागत नाही, एसएमएस बंद होत नाहीत. (सिम *बदलून* घेतलं तर गोष्ट वेगळी, ते प्रश्न १२ मध्ये.) फक्त जुन्या फोनात तीन गोष्टी जुळायला लागतात, सिमचा आकार, तुमच्या कंपनीचं नेटवर्क त्या फोनाला कळतं का, आणि फोन कुठल्या कंपनीला लॉक तर नाही ना. प्रश्न ३, ४ आणि ८ एवढे तरी सिम काढायच्या आधी वाचा.

२. सिमचा ट्रे उघडायची पिन हरवली, सेफ्टी पिन चालेल का?

कागदाला लावायची यू पिन सरळ करून घ्या, ती बरी. सेफ्टी पिन फार टोकदार, आत घसरते. आणि भोक नीट बघा, कारण फोनाच्या खालच्या कडेला तसंच एक बारीक भोक माइकचं असतं आणि लोक त्यातच पिन खुपसतात, मग सिम बाहेर येतच नाही आणि समोरच्याला तुमचा आवाज जायचा बंद होतो. ट्रेचं भोक ओळखायची खूण अशी की त्याच्याभोवती लांबट चौकोनी रेघ असते, तोच ट्रेचा दरवाजा. माइकचं भोक एकटंच असतं. पिन सरळ दाबा, तिरकी नको, थोडा जोर लागतो.

दोन्ही फोन आधी बंद करा. जुन्या फोनात मागचं झाकण काढून बॅटरी काढावी लागते, सिम बहुतेक तिच्याखालीच असतं. सिमचा एक कोपरा कापलेला असतो आणि खाचेजवळ तसंच चित्र कोरलेलं असतं, कोपरा त्याला जुळवायचा, सोनेरी बाजू आतल्या पिनांकडे. जुळवल्यावर सिम सहज सरकतं, सरकत नसेल तर उलटं धरलंय, जोर करू नका.

३. नव्या फोनातलं सिम नखाएवढं आहे, जुन्याची खाच मोठी आहे. काय करू?

अडॅप्टर घ्या, कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळतो, अगदी स्वस्त. सिमचे तीन आकार चालत आलेत. जुन्या नोकियात जायचं ते २५ बाय १५ मिलिमीटरचं, मग मायक्रो आलं १५ बाय १२ चं, आणि आता सगळीकडे आहे ते नॅनो, १२.३ बाय ८.८. मधली सोनेरी चिप तीच, कमी झालंय ते फक्त भोवतीचं प्लास्टिक. म्हणून अडॅप्टरच्या चौकटीत नॅनो बसवलं की जुन्या फोनाला काही फरक कळत नाही.

आता जपायचं कुठे ते. नॅनो सिम जाडीलाही किंचित कमी असतं, ०.६७ मिलिमीटर, जुनी सिमं ०.७६ ची, त्यामुळे ते अडॅप्टरमध्ये सैल बसतं आणि सरकवताना खाली पडून आत तिरकं अडकतं. यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूने, जिथे सोनेरी भाग नाही त्या बाजूने, अडॅप्टरसकट पातळ सेलोटेपचा एक तुकडा लावायचा. सोनेरी बाजूला टेप किंवा डिंक अजिबात नको. आणि रिकामा अडॅप्टर फोनात कधीच घालू नका, बसतो का बघू म्हणूनसुद्धा नाही. खाचेत केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या पिना असतात, त्या रिकाम्या चौकटीत वर येतात आणि बाहेर ओढताना अडकून वाकतात.

गेल्या श्रावणात साखळीहून एक काकी आल्या होत्या, त्यांनी अडॅप्टर न लावताच नॅनो सिम मोठ्या खाचेत ढकललं होतं, ते आत गेलं, मग बाहेर यावं म्हणून घरच्यांनी भाजीच्या सुरीचं टोक घातलं. मी भिंगाखाली उघडून बघितलं तर सहापैकी चार पिना आडव्या झालेल्या, दोन सरळ होताना तुटल्या. तो फोन त्यांच्या यजमानांचा होता, ते आता नाहीत, आणि काकींना तोच वापरायचा होता. दुसऱ्या फोनाची खाच काढून बसवली तेव्हा चालू झाला, पण ते दरवेळी जमतंच असं नाही. सिम आत अडकलं तर फोन तसाच आणून द्या, काहीही खुपसू नका.

४. सिम बरोबर बसलंय तरी "नो सर्व्हिस" दाखवतो. सिम खराब झालं का?

बहुतेक वेळा सिम ठणठणीत असतं, फोनाला त्या कंपनीचं नेटवर्कच समजत नसतं. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून कंपनीप्रमाणे सांगतो.

जिओ: ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेच ४जी म्हणून. जिओला २जी नाही आणि ३जी पण नाही, कधी नव्हतंच. म्हणजे जिओचं सिम जुन्या २जी नोकियात किंवा ३जी स्मार्टफोनात घातलं तर काही केल्या नेटवर्क येणार नाही, कितीही सेटिंग बदला, कितीही वेळा बंदचालू करा. इथे पैसे घालवू नका. बटणांचाच फोन हवा असेल तर ४जी चालणारा बटणांचा घ्या.

एअरटेल आणि व्हीआय: यांचं २जी अजून चालू आहे, म्हणून जुन्या साध्या फोनात कॉल आणि एसएमएस व्यवस्थित चालतात. पण एअरटेलने २०२० मध्ये ३जी बंद केलं, व्हीआयचंही ३जी जवळजवळ गेलंय. मग तुमचा जुना ३जी स्मार्टफोन, जो तेव्हा चांगला पळायचा, तो आता २जीवर उतरतो, कॉल होतात पण इंटरनेट एवढं हळू की एक फोटो उघडेपर्यंत चहा थंड होतो. फोन बिघडला नाही, त्याचा रस्ता काढून टाकलाय.

बीएसएनएल: सिम २जी फोनात चालतं. त्यांचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर जाहीर झालं, पण नवीन ४जी सिम घेतलेलं असेल तरी ते साध्या फोनात कॉलला चालतं.

आणखी एक फसवणारी गोष्ट आहे. पहिल्या पहिल्या ४जी फोनांत दोन सिमच्या खाचा असायच्या, पण ४जी त्यातल्या एकाच खाचेत, दुसरीत फक्त २जी. जिओचं सिम दुसरीत घातलं की नो सर्व्हिस आणि पहिलीत घातलं की लगेच दांड्या येतात. हाताखाली असे कितीतरी फोन आले जे लोक बाद म्हणून टाकायला निघाले होते. आधी खाच बदलून बघा.

५. फोन ४जी आहे, इंटरनेट चालतं, पण जिओवर कॉलच लागत नाही

कारण जिओवर बोलणंसुद्धा इंटरनेटसारखंच ४जीवरून जातं, त्याला व्होल्टे म्हणतात. २०१४-१५ च्या सुमाराचे बरेच ४जी फोन नेट चालवतात पण त्यांना व्होल्टे येत नाही. एअरटेल आणि व्हीआयवर असा फोन कॉलच्या वेळी २जीवर उतरून काम भागवतो, जिओवर उतरायला खाली काहीच नाही. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन व्होल्टे किंवा "एचडी कॉलिंग" असा पर्याय आहे का बघा, असेल तर चालू करा, आणि वायफायवर फोनाचं सॉफ्टवेअर अपडेट करा, काही फोनांना व्होल्टे नंतरच्या अपडेटमध्ये मिळालं होतं. पर्यायच नसेल तर त्या फोनात जिओ नको.

६. माझं सिम ५जीचं आहे, जुना फोन ४जी. चालेल?

चालेल. जिओ आणि एअरटेलने ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू केलं तेव्हा ४जीचंच सिम ठेवलं, वेगळं दिलं नाही. जुन्या फोनात ४जी मिळेल, एवढाच फरक.

७. सिम हलवलं आणि सगळे नंबर गेले! सिममध्येच होते ना?

बहुतेक नव्हते. आजकालचा फोन नंबर सेव्ह करतो तो गूगल खात्यात किंवा फोनाच्या पोटात. सिममध्ये साधारण २५० नावं मावतात, तीही एका नावाला एकच नंबर, फोटो नाही, ईमेल नाही. तुमचे नंबर गेलेले नाहीत, नव्या फोनातच आहेत.

जुना फोन स्मार्टफोन असेल तर सोपं आहे, त्याच गूगल खात्याने लॉगिन करा, कॉन्टॅक्ट्स सिंक चालू करा, थोड्या वेळात सगळे येतात. (अँड्रॉइड २.३ वगैरे असेल तर नाही, त्यावर गूगलचं लॉगिन २७ सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे.)

बटणांचा फोन असेल तर नंबर सिमवर उतरवून मग सिम काढायचं. नव्या फोनाच्या कॉन्टॅक्ट्समध्ये इम्पोर्ट-एक्स्पोर्ट शोधा, त्यात सिमवर एक्स्पोर्ट असेल तर काम झालं. पण गूगलचं स्वतःचं कॉन्टॅक्ट्स ॲप सिमवरून नंबर घेतं, सिमवर पाठवत नाही, आणि आयफोनही पाठवत नाही. अशा वेळी कुणाचा तरी एक्स्पोर्टचा पर्याय असलेला अँड्रॉइड अर्ध्या तासासाठी मागून घ्या, त्यात तुमचं सिम घाला, तुमच्या खात्याने लॉगिन करून नंबर त्यात आणा, सिमवर उतरवा आणि ते खातं त्या फोनातून काढून टाका. किंवा ब्लूटूथने एकेक नंबर पाठवा, बरेच साधे फोन ते घेतात.

मराठीत नावं लिहिणाऱ्यांनी इथे थांबून वाचा. सिमवर नावासाठीची जागा फार छोटी असते आणि देवनागरी तिथे जास्त जागा खाते, काना मात्रा वेलांटी जोडाक्षर प्रत्येकाची वेगळी मोजणी. "प्रभाकर मामा वाळपई" आणि "प्रभाकर मामा पणजी" ही दोन्ही नावं सिमवर जाऊन नुसती "प्रभाकर म" होतात आणि कुठला मामा कुठला ते कळत नाही. वर जुन्या फोनात देवनागरी नसेल तर नुसते चौकोन दिसतात. म्हणून सिमवर उतरवायच्या आधी रोजचे पंचवीस-तीस नंबर इंग्रजी अक्षरांत आणि छोट्या नावाने लिहून घ्या. घरच्या वयस्कर माणसासाठी असेल तर शेजारी बसून त्यांना विचारून लिहा, त्यांच्या डोक्यात डॉक्टर म्हणजे "डॉक्टर" असतो, त्याचं आडनाव नसतं. आणि तेच नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर काढून देव्हाऱ्याशेजारी चिकटवा.

८. भाऊ तारवावर आहे, त्याने बाहेरून आणलेला जुना फोन. आमचं सिम घेत नाही

गोव्यात हा प्रश्न घरोघर आहे, कुणी आखातात, कुणी लंडनला, कुणी बोटीवर. दोन गोष्टी तपासा. पहिली, फोन तिकडच्या कंपनीला लॉक आहे का. आयफोनात सेटिंग, जनरल, अबाउट मध्ये खाली कॅरियर लॉक असं असतं, तिथे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" लिहिलेलं असेल तर मोकळा आहे. अँड्रॉइड लॉक असेल तर सिम घातल्यावर अनलॉक कोड मागतो. लॉक त्या मूळ कंपनीकडूनच काढून घ्यायचं असतं, अमेरिकेत हप्त्यावर घेतलेले फोन हमखास असे निघतात. दुसरी, फोन मोकळा असूनही आपल्याकडचे बँड, म्हणजे कंपनी ज्या लहरींवर चालते त्या, त्यात नसतात. जिओ १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, अमेरिकेसाठी बनवलेल्या काही जुन्या फोनांत २३०० नसतो, मग कुठे दांड्या आणि कुठे काही नाही असं होतं.

इकडचेही लॉक फोन आहेत. २०१७ चा जिओफोन आणि जिओभारत यांच्यात फक्त जिओचं सिम चालतं.

९. जुन्या फोनात वॉट्सॲप चालेल का? नव्या फोनातलं वॉट्सॲप बंद पडेल का?

साध्या बटणांच्या फोनात चालणार नाही. जुन्या स्मार्टफोनात ते अँड्रॉइड किती जुनं त्यावर, अँड्रॉइड ४.४ वर १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं, आणि आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस मे २०२५ पासून बाद झाले.

जुन्या फोनात त्याच नंबराने नव्याने चालू केलं की नव्या फोनातून लॉगआउट होतं. म्हणून आधी नव्या फोनात चॅट बॅकअप घ्या. दोन्हीकडे हवं असेल तर जुन्यात "लिंक डिव्हाइस" करून कोड स्कॅन करा, चारपर्यंत जोडता येतात.

सिम काढून नेलं तरी वॉट्सॲप वायफायवर चालत राहायचं, ती सवय आता सोडलेली बरी. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला आदेश काढला की ज्या नंबराने खातं उघडलंय ते सिम फोनात असेल तरच अशी ॲप चालावीत. म्हणून वॉट्सॲप ज्या फोनात लागतं त्यातच सिम, असं धरून ठरवा. आणि वॉट्सॲप चालू करताना येणारा ६ आकडी कोड कुणालाही सांगायचा नाही, नातेवाईक म्हणून कुणी मागितला तरी नाही.

१०. फोनपे, गूगलपे आणि बँकेचं ॲप?

यूपीआय सिमला आणि फोनाला दोघांनाही बांधलेलं असतं. चालू करताना ॲप तुमच्याच सिमवरून बँकेला एक एसएमएस गुपचूप पाठवतं, त्यावरून बँक मान्य करते. सिम जुन्या फोनात गेलं की नव्या फोनातलं यूपीआय अडतं, आणि जुन्या फोनात नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी सिममध्ये एसएमएस जाईल एवढा रिचार्ज हवा, "व्हेरिफिकेशन फेल" येण्याचं कारण कितीतरी वेळा तेच असतं. दोन सिमचा फोन असेल तर बँकेला जोडलेलंच सिम निवडा. यूपीआय पिन जुनाच चालतो, तो बँक खात्याचा असतो.

फोन बदलल्यावर पहिले २४ तास अँड्रॉइडवर ५,००० रुपयांचीच मर्यादा येते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मोठी खरेदी करायची असेल तर सिम गुरुवारी रात्री हलवू नका, एवढं लक्षात ठेवा.

बटणांच्या फोनातून पैसे पाठवायचेच असतील तर यूपीआय १२३पे आहे, ०८० ४५१६ ३६६६ वर फोन करून चालतं, एका वेळी १०,००० पर्यंत.

माझं मत विचाराल तर सहा-सात वर्षं अपडेट न मिळालेल्या फोनात बँकेचं ॲप टाकू नका. कॉलला वापरा, ओटीपीला वापरा, पैशाला नको.

११. सिम जुन्या फोनात घरी ठेवतो, नवा वायफायवर वापरतो. ओटीपी येतील ना?

येतील, एसएमएस सिम असेल तिथे येतो, जिओ नसेल तर २जी फोनातही येतो. जुन्या फोनाचा इनबॉक्स भरला की नवीन एसएमएस अडकतात, तेव्हा जुने पुसत राहा. यूपीआय आणि वॉट्सॲपचं काय होतं ते वर १० आणि ९ मध्ये.

१२. नव्या फोनात ई-सिम आहे, ते जुन्यात कसं नेऊ?

नेता येत नाही, हातात धरण्यासारखं त्यात काही नाही. कंपनीच्या स्टोअरमध्ये जाऊन साधं सिम मागायचं, आधार आणि अंगठा घेऊन स्वतः जावं लागतं. नवं सिम चालू झाल्यावर २४ तास एसएमएस येत नाहीत आणि जात नाहीत, म्हणजे ओटीपी नाही, यूपीआयची नोंदणी नाही. हा नियम आहे, फसवणूक थांबवायला केलेला, स्टोअरमधल्या मुलावर रागावू नका. शिवाय १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर पोर्ट करता येत नाही.

तुटलेलं, हरवलेलं किंवा कापताना बिघडलेलं सिम बदलून घेतलं तरी हेच २४ तास आणि हेच ७ दिवस.

१३. सिम घातल्यावर पिन मागतो, मी कधी ठेवलाच नाही

हा फोनाचा नाही, सिमचा पिन आहे, कुणीतरी कधी चालू केलेला. अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकलं की पीयूके मागतो, तो ८ आकडी असतो आणि कंपनीच्या कस्टमर केअरकडून मिळतो. पीयूके १० वेळा चुकला की सिम कायमचं मेलं. सिम काढायच्या आधी नव्या फोनातच सेटिंगमध्ये जाऊन सिम लॉक बंद करून टाका.

१४. कॉल होतात, पण नेट सुरू होत नाही

मोबाइल डेटा चालू आहे का बघा, मग एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटचा पत्ता. जुन्या फोनात तो आपोआप भरला जात नाही. जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. सेव्ह करून फोन बंदचालू करा.

१५. कपाटात चार वर्षं पडलेला फोन सरळ चार्जिंगला लावू का?

आधी बॅटरी काढून टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवून बघा. भिंगरीसारखी फिरली म्हणजे पोट फुगलंय, ती लावायची नाही आणि दाबायची किंवा टोचायची तर मुळीच नाही. स्मार्टफोनाची बॅटरी आत असते, तिथे मागचं झाकण किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसते. अशी बॅटरी पेट घेऊ शकते, दुकानात आणून द्या, कचऱ्यात टाकू नका. चांगली दिसली तरी पहिल्यांदा चार्ज करताना जवळ थांबा, रात्री उशाशी लावून झोपू नका.

आपल्याकडच्या दमट आणि खाऱ्या हवेने सिमची सोनेरी चिप आणि आतल्या पिना काळपट, कधी हिरवट होतात, समुद्राकाठच्या घरांत तर जास्तच. चिप खोडरबराने हलकी घासा, मऊ कोरड्या कपड्याने पुसा. पिना पातळ ब्रशने, फोन बंद करून. फोन भिजलेला असेल तर तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं आणि ओल तशीच राहते, बंद करा आणि लगेच कुणाकडे तरी उघडायला न्या.

१६. जुना फोन सेकंडहँड घेतलाय, सिम घालण्याआधी काय बघू?

*#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनाचा ओळख नंबर, येईल. इंग्रजीत केवायएम लिहून जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ ला एसएमएस करा, फोनाची माहिती परत येते. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवरही बघता येतं. चोरीची नोंद होऊन ब्लॉक झालेल्या फोनात कुठल्याच कंपनीचं नेटवर्क येत नाही, आणि अशा फोनात तुमच्या नावाचं सिम घातलं की तुमचा नंबर त्या फोनाशी जोडला जातो. बिल नाही, डबा नाही आणि किंमत फार कमी, असा फोन घेऊ नका.

१७. गाव सत्तरी तालुक्यात आहे, नव्या फोनात कॉल लागायचे, जुन्यात घरात रेंज नाही

नव्या फोनात वायफाय कॉलिंग चालू असणार. घरातलं ब्रॉडबँड कॉल ओढून नेत होतं, टॉवरची रेंज तेव्हाही नव्हती. जुन्या फोनात ती सोय नसेल तर बाल्कांवात येऊन बोलणं आलं. नेटवर्क सिलेक्शन ऑटोमॅटिकवर ठेवा. चोर्ला किंवा मोलेच्या बाजूला कधी फोन कर्नाटकाचा टॉवर धरून बसतो, तेव्हा एकदा एअरप्लेन मोड लावून काढा. दोडामार्ग, बांद्याकडे गेलात तर काही बदलत नाही, गोवा आणि महाराष्ट्र टेलिकॉमच्या हिशोबात एकच सर्कल आहे.

१८. बाबांचा बटणांचा फोन, नेट लागत नाही, तरी डेटाचा महाग प्लॅन का मारायचा?

मारू नका. टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले आणि ते जानेवारी २०२५ पासून आहेत. दुकानात आपणहून कुणी सांगत नाही, मागा. नुसतं ड्रॉवरमध्ये ठेवलेलं सिम मात्र ९० दिवस काहीच वापर नसेल तर बंद होऊ शकतं.

१९. "तुमचं सिम जुन्या फोनात दिसतंय, अपग्रेड करा नाहीतर बंद होईल" असा फोन आला

ठेवून द्या. कुठलीही कंपनी असा फोन करून ओटीपी किंवा ई-सिमचा कोड मागत नाही, तो सांगितला की तुमचा नंबर त्याच्या फोनात जातो आणि मागोमाग बँक खातं. तुमची रेंज अचानक गेली आणि बराच वेळ आली नाही तर दुसऱ्याच्या फोनावरून आधी बँकेला आणि कंपनीला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. घरातल्या म्हाताऱ्यांना हे तोंडी समजावून सांगा, जुने फोन त्यांच्याच हातात असतात.

२०. नवा फोन दुरुस्त होऊन आला, सिम परत घालताना?

दुरुस्तीला देताना ट्रेमधून सिम आणि मेमरी कार्ड दोन्ही काढून घेतलेत ना ते आठवा, कार्ड तिथेच विसरणारे खूप. आता सिम अडॅप्टरमधून सोडवताना मागून बोटाने हळू ढकला, वाकवू नका, टेपचा चिकटपणा राहिला असेल तर पुसून मगच नॅनो ट्रेमध्ये ठेवा. यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागेल, प्रश्न १० मधली २४ तासांची मर्यादाही पुन्हा. मधल्या दिवसांत बटणांच्या फोनात सेव्ह केलेले नवे नंबर त्या फोनातच राहिलेले असतात, ते सिमवर किंवा कागदावर उतरवल्याशिवाय फोन परत कपाटात ठेवू नका, आणि ठेवताना बॅटरी काढून वेगळी ठेवा.